हृदय पक्कं, टाच कच्ची

नोव्हेंबर 2017 मध्ये ग्वेन जॉर्गेन्सन या अमेरिकी खेळाडूने जाहीर केलं, की ती ट्रायथलॉन सोडून मॅरेथॉनकडे वळते आहे आणि 2020 च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्णपदक जिंकायचं, हे तिचं ध्येय आहे. तोवर ती आयुष्यात एकच मोठी मॅरेथॉन धावली होती, आणि तीत तिचा क्रमांक होता चौदावा. पहिला मुलगा अजून तीन महिन्यांचाही झाला नव्हता. खेळाडू सहसा अशा वेळी जपून बोलतात. अनुभव घ्यायचाय, शिकायचंय, पुढचं पुढे बघू, असं म्हणतात. तिने सरळ सुवर्णपदकाचं नाव घेतलं. तिचा तो मोकळेपणा मला तेव्हाही आवडला होता आणि पुढचं सगळं पाहिल्यावर आजही आवडतो.

ते ध्येय पुरं झालं नाही. टोकिओला जाणं तर सोडाच, अमेरिकी संघनिवडीच्या मॅरेथॉनमध्येही ती उतरली नाही. ट्रायथलॉनमधल्या तिच्या पिढीची सर्वांत भेदक धावपटू निव्वळ धावण्याच्या खेळात का अडली, हा प्रश्न मोठा रंजक आहे. त्याचं उत्तर शोधताना धावणं नावाच्या, वरवर अगदी साध्या वाटणाऱ्या क्रियेबद्दल बरंच काही कळतं.

ग्वेनचा जन्म 1986 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावचा. लहानपणापासून तिचा जीव पोहण्यात. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ती पोहण्याच्या संघात होती, पण तिथे तिची वेळ काही केल्या वरच्या दर्जाला पोचेना. शेवटी तिने तलाव सोडला आणि धावण्याच्या संघात शिरली. इथे मात्र ती थोड्याच काळात विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेली. शिक्षण संपलं, हिशेबशास्त्राची पदव्युत्तर पदवी हाती आली आणि मिलवॉकीत अर्न्स्ट अँड यंग या कंपनीच्या करविभागात नोकरी लागली. खेळ संपला, असंच तिनेही धरलं होतं.

तेव्हा अमेरिकेच्या ट्रायथलॉन संघटनेने विद्यापीठांतून नवे खेळाडू हेरण्याची एक योजना चालवली होती. तिची सूत्रं बार्ब लिंडक्विस्ट या माजी ट्रायथलीटकडे होती. योजनेमागचा विचार पक्का होता. पोहण्याचं तंत्र लहानपणी अंगात मुरावं लागतं, मोठेपणी ते नीट बसत नाही. धावण्याचा वेग बराचसा उपजत असतो. सायकल तेवढी विशीतही शिकवता येते. म्हणून शोध घ्यायचा तो पोहून आणि धावून झालेल्या मुलामुलींचा. ग्वेन या साच्यात चपखल बसली. तिला स्वतःला खात्री नव्हती, म्हणून नोकरी सांभाळून, कामाच्या आधी आणि नंतर सराव, असं सुरू झालं. 2010 साली पहिल्या शर्यती, 2011 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये दुसरा क्रमांक, आणि त्याच निकालावर 2012 च्या ऑलिंपिकची जागा. दीड वर्षापूर्वी लोकांच्या करपत्रकांत डोकं घालून बसलेली मुलगी ऑलिंपिकला निघाली होती.

लंडनमध्ये तिची सायकल पंक्चर झाली आणि ती अडतिसावी आली. त्यानंतर तिने न्यूझीलंडचे प्रशिक्षक जेमी टर्नर यांचा गट गाठला. वर्षाचा काही भाग ऑस्ट्रेलियातलं वुलनगाँग आणि काही भाग स्पेनमधलं व्हिटोरिया, असं तिचं जगणं झालं. तिचा नवरा पॅट्रिक लेमियू स्वतः व्यावसायिक सायकलपटू होता. त्याने आपली कारकीर्द सोडली आणि स्वयंपाकापासून प्रवासापर्यंत सगळं अंगावर घेतलं. विजेत्यांच्या कहाण्यांत हा भाग एका ओळीत उरकला जातो. मला वाटतं, 2013 नंतरच्या ग्वेनच्या प्रत्येक पदकात त्याचा वाटा आहे.

इथे ट्रायथलॉनची रचना समजून घ्यावी लागेल. ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं, हे सगळं सलग असतं. यात सायकलच्या टप्प्यात दुसऱ्याच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घेण्याची मुभा असते. त्यामुळे पाण्यातून जवळपास एका वेळी बाहेर आलेल्या खेळाडूंचा घोळका होतो, तो एकत्रच सायकली दामटतो, आणि खरा निकाल धावण्यात लागतो. ग्वेनचं राज्य होतं ते या शेवटच्या टप्प्यावर. कधीकधी सायकलवरून उतरताना ती पुढच्यांपेक्षा मिनिटभर मागे असायची, आणि तरी जिंकायची. 2014 आणि 2015 अशी दोन्ही वर्षं ती जगज्जेती झाली. त्या काळात जागतिक मालिकेतल्या सलग 12 शर्यती तिने जिंकल्या. 2016 च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला ब्रिटनच्या हेलन जेन्किन्सने ही माळ तोडली.

मग 20 ऑगस्ट 2016, रिओ. कोपाकबानाच्या किनाऱ्यावरची शर्यत. लंडनची सुवर्णविजेती, स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग, हिने सायकलच्या चढावर ग्वेनला झटकून टाकण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. ग्वेन चिकटून राहिली. धावताना दोघीच पुढे उरल्या, तेव्हा समोरून वारा होता आणि दोघींनाही दुसरीच्या आडोशाला राहायचं होतं. धावता धावता त्यांची आपसात बोलाचालीही झाली. शेवटच्या फेरीत ग्वेनने वेग वाढवला आणि 1 तास 56 मिनिटं 16 सेकंदांत, 40 सेकंदांच्या फरकाने ती जिंकली. ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं 2000 साली, सिडनीला. तेव्हापासूनचं अमेरिकेचं हे पहिलं सुवर्ण.

त्यानंतर जेमतेम 11 आठवड्यांनी तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन धावून पाहिली. 2 तास 41 मिनिटं 1 सेकंद, क्रमांक चौदावा. खास तयारीला वेळच नव्हता, हे लक्षात घेतलं तर कामगिरी चांगलीच म्हणायची. पण थोडा हिशेब मांडू या. रिओत तिने शेवटचे 10 किलोमीटर 34 मिनिटं 9 सेकंदांत काढले होते, म्हणजे दर किलोमीटरला साधारण 3 मिनिटं 25 सेकंद, तेही पोहून आणि सायकल चालवून दमल्यावर. न्यूयॉर्कचा वेग पडतो किलोमीटरला 3 मिनिटं 49 सेकंद. महिलांचा त्या वेळचा जागतिक विक्रम पॉला रॅडक्लिफचा होता, 2003 चा, 2 तास 15 मिनिटं 25 सेकंद. तो वेग येतो किलोमीटरला 3 मिनिटं 13 सेकंदांच्या आसपास. म्हणजे ताज्या दमाने 42 किलोमीटर धावणारी जगातली सर्वोत्तम मॅरेथॉनपटू ही, ग्वेन रिओत ज्या वेगाने 10 किलोमीटर धावली त्याहूनही जोरात, चौपटीपेक्षा जास्त अंतर जाते. दरी किती होती, ते या आकड्यांतून दिसतं.

आता शरीराकडे वळू. सहनशक्तीच्या खेळांत दोन गोष्टी वेगवेगळ्या धरायला हव्यात. एक म्हणजे हृदय, फुप्फुसं आणि रक्त यांची ऑक्सिजन पोचवण्याची ताकद. ही ताकद एका खेळातून दुसऱ्या खेळात मोठ्या प्रमाणात सोबत येते. पोहून मोठं झालेलं हृदय धावतानाही मोठंच असतं. ट्रायथलीट आठवड्याचे अनेक तास पाण्यात आणि सायकलवर घालवतात, हाडांना धक्का न लावता हृदयाला राबवतात. त्यामुळे या बाबतीत ते कुणाहून कमी नसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय. स्नायू, त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर उलटून येतो. मिनिटाला 180 पावलं धरली तर अडीच तासांच्या मॅरेथॉनमध्ये सुमारे 27 हजार पावलं पडतात. सायकलवर असला एकही धक्का नसतो. शिवाय पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत आखडत काम करतो. धावताना पाय टेकला, की तोच स्नायू ताणला जात असताना जोर लावून शरीराला सावरतो. स्नायूंची खरी मोडतोड होते ती या ताणल्या जाणाऱ्या कामात. मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कळवळायला होतं, ते यामुळेच. ही सहनशक्ती सायकलवर कमावता येत नाही.

टाचेमागचा अकिलीसचा कंडरा तर धावपटूचं सगळ्यात मोठं धन. प्रत्येक पावलाला तो ताणला जातो, शक्ती साठवतो आणि पाय उचलताना परत देतो. उत्तम धावपटू कमी ऑक्सिजनमध्ये जास्त वेगाने जातो, त्यामागे अशा ताठ आणि लवचीक कंडऱ्याचा मोठा हात असतो. पण कंडऱ्यात रक्तपुरवठा कमी असतो. हृदय काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतं. कंडऱ्यांना आणि हाडांना महिने लागतात, वर्षं लागतात. बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं तर आधी चाकं मोडणार, तसं हे आहे. ज्याचं हृदय आधीच ऑलिंपिक दर्जाचं आहे त्याला जास्त धोका असतो, कारण दम लागण्याची नैसर्गिक सूचना त्याला मिळतच नाही. पाय थकले हे कळायच्या आत तो फार पुढे गेलेला असतो.

ग्वेनने पोर्टलंडचा बॉवरमन ट्रॅक क्लब गाठला. प्रशिक्षक जेरी शूमाकर, सोबतीला अमेरिकेतल्या आघाडीच्या धावपटू. 2018 च्या मे महिन्यात स्टॅनफर्डला तिने 10 हजार मीटर 32 मिनिटांच्या आत पूर्ण केले. बाळंतपणाला वर्षही उलटलं नव्हतं. हा निकाल बघून अनेकांना वाटलं, की हिचं खरंच जमणार. ऑक्टोबरमध्ये शिकागो मॅरेथॉन. सर्दी अंगात होती. 2 तास 36 मिनिटं 23 सेकंद, अकरावी. न्यूयॉर्कपेक्षा साडेचार मिनिटं कमी, आणि 2020 च्या ऑलिंपिक निवड शर्यतीत उतरण्याची पात्रताही हाती. मात्र ऑलिंपिक पदकाच्या गोष्टी ज्या वेगात होतात, त्यापासून अजून दूर.

आणि मग टाच. तिला हॅग्लुंडचा त्रास होता. यात टाचेच्या हाडाला मागच्या बाजूने उंचवटा असतो, तो अकिलीसच्या कंडऱ्याला घासत राहतो आणि तिथे सूज येते, दुखणं बसतं. रोज काही किलोमीटर धावणाऱ्यालाही हे दुखणं छळतं. आठवड्याला दीडशे किलोमीटरच्या घरात धावायचं म्हटल्यावर त्याने वाटच अडवली. 2019 च्या मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेची निवड मॅरेथॉन 29 फेब्रुवारी 2020 ला अटलांटात होती. तेवढ्या वेळात 42 किलोमीटरसाठी पाय तयार होणं अशक्य होतं. तिने मॅरेथॉन बाजूला ठेवली आणि 5 आणि 10 हजार मीटरकडे लक्ष वळवलं.

मॅरेथॉनमध्ये आणखी एक गोष्ट नव्या माणसाच्या विरोधात जाते, आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही. ट्रायथलीट वर्षात आठ-दहा मोठ्या शर्यती करतो. चुकलं, तर तीन आठवड्यांनी सुधारायची संधी असते. वरच्या दर्जाचा मॅरेथॉनपटू वर्षात दोनच मॅरेथॉन धावतो, कारण शरीर सावरायलाच महिने जातात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. तिथून पुढे काय होतं, धावताना काय प्यायचं, किती प्यायचं, पोट काय स्वीकारतं, हे सरावात पुरतं कळत नाही, शर्यतीतच कळतं. ग्वेनला ऑलिंपिकसाठी तीन वर्षं होती. त्यांत तिच्या वाट्याला शिकण्यासाठी एकच मॅरेथॉन आली, शिकागोची.

अटलांटातल्या त्या निवड शर्यतीत मॉली सायडेल नावाची मुलगी दुसरी आली. तिची ती आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन होती. वर्षभर लांबलेल्या टोकिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन 7 ऑगस्ट 2021 ला साप्पोरोत झाली आणि सायडेलने तिथे कांस्य जिंकलं. केनियाची पेरेस जेपचिरचिर पहिली आली ती 2 तास 27 मिनिटं 20 सेकंदांत. सायडेल 26 सेकंद मागे होती. हीसुद्धा विस्कॉन्सिनची, त्याच वॉकेशा काउंटीत वाढलेली. म्हणजे नवखी अमेरिकी धावपटू टोकिओत मॅरेथॉनचं पदक जिंकू शकते, हे ग्वेनचं म्हणणं काही हवेतलं नव्हतं. फरक इतकाच, की सायडेल शाळेपासून धावत आली होती आणि तिच्या पायांनी ती सगळी वर्षं जमिनीवर काढली होती. ग्वेनची ती वर्षं पाण्यात गेली होती.

ग्वेनने 5 हजार मीटरची आपली सर्वोत्तम वेळ 15 मिनिटं 8 सेकंदांपर्यंत आणली. पस्तिशीला टेकलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूसाठी ही फारच मोठी गोष्ट आहे. टोकिओच्या अमेरिकी संघासाठी लागणाऱ्या पहिल्या तिघींत मात्र ती बसली नाही. 2022 मध्ये दुसरा मुलगा झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिने ट्रायथलॉनला परतत असल्याचं सांगितलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र रिलेत खेळायची तिची इच्छा होती. 2023 मध्ये ती विश्वचषक पातळीवर पुन्हा जिंकलीही, पण पॅरिसच्या संघात निवड झाली टेलर निब, टेलर स्पिव्ही आणि कर्स्टन कॅस्पर यांची.

आता तिच्या शेजारी इतर काही खेळाडू ठेवून बघू. रिओत तिच्याकडून हरलेली स्पिरिग 2014 मध्ये घरच्या, झ्युरिकच्या युरोपीय स्पर्धेत मॅरेथॉन धावली होती, 2 तास 37 मिनिटांत. मग ती ट्रायथलॉनला परतली आणि रिओचं रौप्य घेऊन गेली. मॅरेथॉन तिने मुक्कामाला न जाता पाहुणी म्हणून पाहिली. ऑस्ट्रेलियाची जॅकी फेअरवेदर ही 1996 ची ट्रायथलॉन जगज्जेती. पुढे ती मॅरेथॉनकडे वळली आणि 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. स्कॉटलंडच्या बेथ पॉटरची वाट उलटी. ती रिओला 10 हजार मीटर धावायला गेली होती, नंतर ट्रायथलॉनला आली, 2023 ची जगज्जेती झाली, पॅरिसला कांस्य मिळवलं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ट्रायथलॉनचा सराव करत असतानाच, 2021 च्या एप्रिलमध्ये तिने रस्त्यावरचे 5 किलोमीटर 14 मिनिटं 41 सेकंदांत काढले. फक्त धावत होती तेव्हा तिच्या पायांतून असा वेग निघाला नव्हता. धावून पक्के झालेले पाय तयार असले, की पोहण्या-सायकलीने वाढलेलं हृदय त्यांना फार पुढे नेतं, असा मी यातून अर्थ काढतो. उदाहरणं मोजकी आहेत, पण ती एकाच दिशेला बोट दाखवतात.

आपल्याकडे ललिता बाबर उलट्या वाटेने गेली. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षं ती पहिली आली, आणि मग रस्ता सोडून 3 हजार मीटर स्टीपलचेसला गेली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा पार करायची ही शर्यत, कौशल्य पूर्ण निराळं. ग्वेनच्या सुवर्णपदकाच्या पाच दिवस आधी, 15 ऑगस्ट 2016 ला, ललिता त्याच रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी धावत होती आणि दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. तिलाही नवा प्रकार शिकावा लागला. मात्र तिने लहानपणापासून कमावलेले पाय नव्या खेळात जसेच्या तसे कामाला आले.

हा फरक आपल्या धावणाऱ्या मंडळींनीही ध्यानात घेण्यासारखा आहे. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात सायकलवर वर्षानुवर्षं घाम गाळलेले कितीतरी जण आज धावायला उतरतात. 2019 पासून गोव्यात आयर्नमॅन 70.3 ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होऊ लागली, तेव्हापासून सायकल आणि धावणं यांतली ही ये-जा आणखी वाढली. सायकलवर सहा तास सहज बसणाऱ्याला दहा किलोमीटर धावताना धाप लागत नाही, म्हणून तो पुढच्याच महिन्यात एकवीस करतो आणि मग नडगी किंवा टाच धरून बसतो. अशा माणसाने धावण्याचं अंतर दमावरून ठरवू नये. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाच काय सांगते, त्यावरून ठरवावं.

या सगळ्यात सर्वांत ताजं नाव ब्रिटनच्या अॅलेक्स यीचं. 31 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये शेवटच्या काही शे मीटरवर न्यूझीलंडच्या हेडन वाइल्डला गाठून त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. लंडनच्या आग्नेय भागात वाढलेला यी मूळचा धावपटू. 2018 मध्ये, विशीत, तो 10 हजार मीटरचा ब्रिटिश विजेता होता, 28 मिनिटांच्या आतल्या वेळेसह. पॅरिसनंतर त्याने ट्रायथलॉनमधून सुट्टी घेतली आणि एप्रिल 2025 मध्ये लंडन मॅरेथॉन धावला, 2 तास 11 मिनिटं 8 सेकंदांत. डिसेंबरमध्ये व्हॅलेन्सियात त्याने तीच वेळ 2 तास 6 मिनिटं 38 सेकंदांवर आणली. तोवर ब्रिटनच्या इतिहासात याहून जलद मॅरेथॉन एकट्या मो फराहची होती. यीने ट्रायथलॉन सोडलेलं नाही, 2028 च्या लॉस एंजलिसचा विचार त्याच्या मनात आहे. ग्वेनपेक्षा त्याला दोन गोष्टी सोप्या गेल्या: पाय लहानपणापासून धावून तयार होते, आणि सुवर्णपदकाचं वचन त्याने कुणाला दिलेलं नव्हतं. पहिली गोष्ट ग्वेनच्या हातात नव्हती. दुसरी होती, आणि तिने जाणूनबुजून अवघड बाजू निवडली. माझ्या लेखी शिकागोचे ते 2 तास 36 मिनिटं रिओच्या सुवर्णाइतकेच तिचे आहेत.